आक्षेपांच्या शाळेत: मराठी ख्रिस्ती मतमंडनाची घडण

आपल्या श्रद्धेचे कारण सांगणे आणि तिच्यावरच्या आक्षेपांना उत्तर देणे ही विद्या मराठी ख्रिस्ती माणूस प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात शिकला. मिशनऱ्यांनी त्याला ग्रंथ दिले, छापखाना दिला, शाळा दिली. पण उत्तर द्यायला त्याला खऱ्या अर्थाने शिकवले ते विरोधकांनी: वादाला उभ्या राहिलेल्या शास्त्र्यांनी, पुराणिकांनी आणि घरच्या माणसांनी. नव्या करारातल्या पेत्राच्या पहिल्या पत्राची अपेक्षा अशी की, आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर देण्यास श्रद्धावंताने सदैव तयार असावे, आणि ते उत्तर सौम्यपणे द्यावे. यातला पहिला भाग मराठी मुलुखात लवकर साधला. दुसऱ्याला बराच वेळ लागला.

या आधी गोव्यात मराठी ख्रिस्ती वाङ्मय निर्माण झाले होते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. त्यात श्रोता प्रश्न विचारतो आणि पाद्री उत्तर देतो. १६२९ ते १६३४ या काळात एतियेन द ला क्र्वा या फ्रेंच जेझुइटाने संत पेत्राच्या चरित्रावरचे मराठी पुराण दोन भागांत प्रसिद्ध केले आणि हिंदू मतांचे खंडन हा त्याचा उघड हेतू होता. भाषेच्या दृष्टीने ही कामे थोर आहेत, स्टीफन्स यांची ओवी तर आजही वाचकाला धरून ठेवते. परंतु पोर्तुगीज सत्तेच्या छायेत प्रश्न विचारणाराही लेखकानेच उभा केलेला होता. खरा प्रतिपक्ष, जो घरी जाऊन ग्रंथ चाळतो आणि दुसऱ्या दिवशी नवा मुद्दा घेऊन परत येतो, तो मुंबईत भेटला.

जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी १८२९ मध्ये मुंबईत आले आणि त्यांनी मराठी व संस्कृतचा पक्का अभ्यास केला. १८३० पासून त्यांच्या पुढाकाराने ब्राह्मण पंडितांशी जाहीर वाद झाले. पहिल्या वादाला निमित्त होते रामचंद्र नावाच्या पूर्वाश्रमीच्या पुराणिकाचे, ज्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर वादाला उभे राहिले आणि त्यांनी ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ हे पुस्तक लिहिले. विल्सन यांनी १८३२ मध्ये त्याला पुस्तकरूपाने उत्तर दिले. साताऱ्याच्या नारायणरावांनी त्यावर पुन्हा लेखणी उचलली, आणि १८३४ मध्ये विल्सन यांचे दुसरे उत्तर निघाले. या वादांत विल्सन यांचा भर पुराणांतल्या देवांच्या चरित्रावर राहिला. तो मार्ग सोपा होता आणि त्याची किंमतही मोजावी लागली. कृष्णाच्या लीलांचा जाब विचारणाऱ्याला जुन्या करारातल्या कथांचाही जाब द्यावा लागतो, हे समोरच्यांनी लगेच ओळखले. शिवाय दुसऱ्याच्या देवाची निंदा ऐकून कोणाचे मन वळत नाही.

मध्य भारतातला वाद वेगळ्या पातळीवर सुरू झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतले जॉन म्यूर यांनी १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध केला. गुरू आणि शिष्य यांच्या संवादातून, श्लोकांत, कोणते मत ईश्वरप्रणीत हे पारखण्याचे निकष त्यांनी मांडले. पंडितांच्या भाषेत, पंडितांच्या रीतीने लिहिलेला हा ग्रंथ दुर्लक्षून चालणार नव्हते. पहिले उत्तर आले ते आजच्या मध्य प्रदेशातल्या सिहोरहून, आणि ते देणारे गृहस्थ मराठी होते. सुबाजी बापू हे सिहोरला लॅन्सलॉट विल्किन्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याबरोबर काम करणारे ज्योतिषी पंडित होते. सिद्धांतग्रंथांच्या आधारे पुराणातल्या भूगोलाची चिकित्सा करणारे पुस्तक त्यांनी आधीच लिहिले होते. सोमनाथ या नावाने त्यांनी ‘मतपरीक्षाशिक्षा’ रचली. ईश्वराने प्रत्येकाला त्याच्या अधिकाराप्रमाणे धर्म दिला आहे, तेव्हा ज्याने त्याने आपल्या धर्मात राहावे आणि दुसऱ्याला हिणवू नये, असा त्यांचा शांत युक्तिवाद होता. बंगालमधून हरचंद्र तर्कपंचानन यांचे उत्तर आले, ते बरेच तिखट होते. तिसरे आणि सर्वांत खोल उत्तर काशीतल्या एका तरुण कोकणस्थ ब्राह्मणाने लिहिले. त्याचे नाव नीळकंठ गोरे.

नीळकंठशास्त्री गोरे यांचा जन्म १८२५ मध्ये झाशीजवळ झाला. घराणे मूळ कोकणातले, पण काशीत स्थिरावलेले. न्यायशास्त्र शिकलेला हा तरुण विशीच्या आत मिशनरी विल्यम स्मिथ यांच्याशी वाद घालायला गेला, तो त्यांना गप्प करण्याच्या निश्चयाने. स्मिथ यांनी त्याच्याशी भांडण केले नाही. त्यांनी त्याला वाचायला पुस्तके दिली, त्यांत ‘मतपरीक्षा’ही होती. गोरे यांनी १८४४-४५ च्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ लिहून तिचा समाचार घेतला.

या ग्रंथातले आक्षेप किरकोळ नव्हते. श्रद्धा आधी आणि तर्क नंतर, शास्त्राची पारख केवळ तर्काने होत नाही, ही गोरे यांची भूमिका. मग तर्काच्याच पातळीवर उतरून ते विचारतात: पूर्वजन्म नसेल तर जन्मतः आंधळ्या मुलाने कोणते पाप केले? पशूंना दुःख का भोगावे लागते? थोड्या वर्षांच्या आयुष्यात केलेल्या पापाला अनंत काळचा नरक ही शिक्षा न्यायी ईश्वर कशी देईल? जीवाला शून्यातून निर्माण करायचे आणि त्याला यातनांच्या वाटेवर सोडायचे, हे दयाळू ईश्वराला शोभते काय? कर्मसिद्धांतात या प्रश्नांची निदान संगती लागते, असा त्यांचा दावा होता. ख्रिस्ती मतमंडनाच्या कोणत्याही अभ्यासक्रमात आजही याहून कठीण प्रश्न सापडणार नाहीत.

गमतीने वाद घालणारा माणूस इथे थांबला असता. गोरे वाचत राहिले. मत्तयकृत शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. घरच्यांचा विरोध, वडिलांचे दुःख आणि स्वतःच्या शंका यांच्याशी झगडत अखेर १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नेहेम्या हे त्यांचे नवे नाव. पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग आल्या आणि मुलगी एलन लक्ष्मी हिच्या जन्मानंतर लवकरच वारल्या. ही मुलगी पुढे इंग्रजीतली भक्तिगीतकार म्हणून ओळखली गेली.

आता त्याच माणसाला त्याच आक्षेपांची उत्तरे द्यायची होती. १८६० मध्ये त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ कलकत्त्याला छापला गेला. फिट्झएडवर्ड हॉल या संस्कृत पंडिताने १८६२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर केले. सांख्य, योग, न्याय, वैशेषिक, मीमांसा आणि वेदान्त ही सहाही दर्शने गोरे यांनी मूळ ग्रंथांतून घेतली. पुराणकथांची टवाळी करण्याचा मार्ग त्यांनी सोडून दिला. त्यांचा सर्वाधिक भर वेदान्तावर आहे. पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक अशी तीन प्रकारची सत्ता मानली की व्यवहारात ईश्वर, भक्ती, पाप, पुण्य सगळे खरे धरायचे आणि परमार्थात सगळे नाकारायचे, ही सोय मिळते. गोरे ती सोय मान्य करत नाहीत. ब्रह्म ज्ञानस्वरूप आहे असे म्हणायचे आणि त्या ज्ञानाला कोणताही विषय नाही असेही म्हणायचे, तर न जाणणाऱ्या ज्ञानाला ज्ञान का म्हणावे, असा त्यांचा प्रश्न आहे. अद्वैत्यांकडे याला उत्तर आहे, आणि ते चांगले उत्तर आहे. पण प्रश्न त्यांच्याच परिभाषेत, त्यांच्याच प्रमाणग्रंथांवर बोट ठेवून विचारलेला होता, म्हणून त्याला उत्तर देणे भाग पडले. पूर्वपक्ष आधी प्रामाणिकपणे मांडावा, मग उत्तरपक्ष करावा, ही भारतीय वादाची जुनी रीत. ती रीत मराठी ख्रिस्ती लेखनात पूर्ण ताकदीने आली ती गोरे यांच्यामुळे.

गोरे यांच्या मनातल्या शंका बाप्तिस्म्याने मिटल्या नाहीत. आयुष्यभर त्या उठत राहिल्या आणि त्यांनी त्या लपवल्या नाहीत. पुढे ते धर्मगुरू झाले, पुण्यात आणि मुंबईत राहिले, प्रार्थना समाजाच्या सुशिक्षित मंडळींशी बोलत राहिले. ईश्वर एक आहे, पण त्याने काही विशेष प्रकट केलेले नाही, असे मानणाऱ्या या मंडळींना उत्तर देणे मूर्तिपूजकाला उत्तर देण्यापेक्षा कठीण होते, कारण ख्रिस्ती नीतीचा बराच भाग त्यांनी आधीच आदराने स्वीकारलेला होता. १८९५ मध्ये गोरे यांचे निधन झाले.

नागपूरच्या भोसल्यांच्या राज्यातली गोष्ट मात्र वादसभेने सुरू झाली नाही. स्टीफन हिस्लॉप हे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी १८४५ मध्ये नागपुरास आले आणि त्यांनी शाळा उघडली. त्यांच्याच नावाने १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज सुरू झाले. हिस्लॉप भूगर्भशास्त्राचे मोठे अभ्यासक होते आणि गोंडांच्या चालीरीती व भाषा त्यांनी आस्थेने टिपून ठेवल्या. १८४८ मध्ये बाबा पांडुरंग या ब्राह्मण विद्यार्थ्याने ख्रिस्ती होण्याचे ठरवले, तेव्हा राजाने त्याला कैदेत टाकले. इथे आक्षेपाला उत्तर ग्रंथातून देता येत नव्हते. १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना हिस्लॉप ओढ्याला आलेल्या पुरात बुडून मरण पावले.

नागपूरहून सावनेर, सौंसर आणि रामाकोना मागे टाकून सिल्लेवानीचा घाट चढणाऱ्या वाटेने पुढे मिशनचे काम छिंदवाड्याला पोहोचले. या वाटेवर उपदेशकाला तीन भाषा लागत. सौंसर-रामाकोन्यात मराठी, घाटावर छिंदवाड्याला हिंदी, आणि डोंगरातल्या गावांत गोंडी. काशीतल्या पंडिताला पटणारा युक्तिवाद रामाकोन्याच्या कुणबी शेतकऱ्यापुढे जसाच्या तसा चालणार नव्हता, आणि गोंड माणसाच्या बडादेवाला न्यायशास्त्राची परिभाषा लागू पडत नव्हती. छिंदवाड्याचे मिशनरी जेम्स डॉसन यांनी म्हणून वाद बाजूला ठेवून आधी गोंडी शिकून घेतली. त्यांचा गोंडी शब्द आणि वाक्प्रयोगांवरचा लेख १८७० मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला आणि बायबलचे काही भाग त्यांनी गोंडीत आणले. समोरच्याची भाषा येत नसताना त्याच्या आक्षेपाला उत्तर देऊ पाहणे व्यर्थ आहे, हे या डोंगरी भागाने लवकर शिकवले.

१८८५ मध्ये छिंदवाड्याचे काम स्वीडिश लुथरन मिशनकडे आले. लुथरन पंथात श्रद्धा समजावून सांगण्याची स्वतःची जुनी पद्धत आहे. १५२९ सालच्या लुथरच्या छोट्या प्रश्नोत्तरीत आज्ञा, विश्वासांगीकार आणि प्रभूची प्रार्थना यांतल्या प्रत्येक कलमापाठोपाठ त्याचा अर्थ विचारलेला असतो आणि शिकणाऱ्याने तो सांगायचा असतो. ही पंडितांची वादसभा नव्हे. हे घराघरांतले आणि देवळातले शिक्षण आहे, आणि सामान्य मंडळीच्या श्रद्धेला बळ देण्यात त्याचा वाटा मोठ्या ग्रंथांहून कमी नाही. याच कामातून वाढलेल्या मध्य प्रदेशातल्या इव्हँजेलिकल लुथरन चर्चचे मुख्यालय आजही छिंदवाड्यालाच आहे.

मुंबई-पुण्याकडे या काळात मराठी ख्रिस्ती लेखकांची पहिली पिढी उभी राहिली. १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ निघू लागले आणि शंका-समाधानाला कायमचे व्यासपीठ मिळाले. बेळगावचे बाबा पदमनजी परमहंस सभा या सुधारक मंडळातून १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले. १८५७ मध्ये त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिले. विधवांच्या दुःखाची हकिकत सांगता सांगता ते आपल्या श्रद्धेची बाजू मांडतात. पदमनजींची निवड दूरदृष्टीची होती. तत्त्वज्ञानाचा वाद ज्यांच्यापर्यंत कधी पोहोचला नसता, त्यांच्यापर्यंत ही कथा पोहोचली. त्याच वर्षाच्या आरंभी मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे वाद रंगले. ख्रिस्ती बाजूने जॉर्ज बोवेन हे अमेरिकन गृहस्थ प्रमुख होते आणि त्यांनी या चर्चांचा वृत्तान्त पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. विष्णुबुवांनी बायबल वाचून त्यातली विसंगत स्थळे शोधली होती, आणि त्यांच्या प्रत्येक मुद्द्यामागे मोठा श्रोतृवर्ग उभा होता. टाळ्या कोणाला मिळाल्या याला फारसे महत्त्व नाही. महत्त्वाचे हे की, यानंतर आपल्या ग्रंथाची अडचणीची पाने न वाचता कोणाही मराठी ख्रिस्ती उपदेशकाला सभेत उभे राहणे शक्य राहिले नाही.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत ही विद्या आणखी एक पाऊल पुढे गेली. ख्रिस्ती धर्म ईश्वराने दिलेला आहे याला प्रमाण काय, या प्रश्नावरच्या नेहेम्या गोरे यांच्या लेखनाचा आपल्यावर निर्णायक परिणाम झाला, असे रमाबाईंनी स्वतः नोंदवले आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात टीकेचे मोहोळ उठले. त्याहून विलक्षण वाद मात्र घरातला होता. सिस्टर जेराल्डीन आणि डोरोथिया बील या त्यांच्या हितचिंतकांशी झालेल्या पत्रव्यवहारात रमाबाई त्र्यैक्याविषयी, चर्चच्या अधिकाराविषयी विचारत राहिल्या. आपली सदसद्विवेकबुद्धी कोणा धर्मगुरूच्या स्वाधीन करायला त्यांनी नकार दिला. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नको, इथपर्यंत त्यांचे प्रश्न गेले. शंका विचारणाऱ्याला उत्तर देणारा माणूस स्वतःही शंका विचारणारा असू शकतो, हे या पत्रांतून स्पष्ट दिसते, आणि म्हणूनच मराठी ख्रिस्ती विचाराच्या इतिहासात त्यांचे मोल मोठे आहे.

मायदेशी परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी विधवा मुलींसाठी शारदा सदन उघडले. तिथल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात या कारणावरून १८९३ मध्ये सल्लागार मंडळातल्या रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनी राजीनामे दिले. रमाबाईंची बाजू साधी होती: आपण कोणावर सक्ती करत नाही, पण आपली प्रार्थना दार लावूनही करणार नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात फिरल्या आणि शेकडो मुली-विधवांना केडगावला घेऊन आल्या. आयुष्याच्या उत्तरार्धात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सोप्या मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. जे शास्त्र शेतकरणीला वाचताच येत नाही त्याची कितीही बाजू मांडली तरी ती तिच्यापर्यंत पोहोचत नाही, हे ओळखून केलेले हे काम आहे.

नारायण वामन टिळकांना नवा करार मिळाला तो १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत, एका परक्या सहप्रवाशाच्या हातून. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई यांनी तो १९०० मध्ये घेतला. मधल्या काळातला विरह, माहेरच्यांचा आकांत, सोवळ्याओवळ्याचे प्रश्न हे सारे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. हा वाद कोणत्याही छापील खंडनमंडनापेक्षा कठीण होता, कारण समोर स्वतःची बायको होती. टिळकांनी आपली बाजू अभंगांतून, ओव्यांतून, कीर्तनांतून मांडली. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक होते. ज्ञानोबा-तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताच्या पायाशी पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. दुसऱ्याच्या देवाला नावे न ठेवता स्वतःच्या देवावरचे प्रेम सांगणे हेही उत्तरच आहे, हे त्यांच्या कवितेने मराठी माणसाला पटवले. विल्सन यांच्या वादसभांपासून इथवर यायला सत्तरएक वर्षे लागली.

स्वातंत्र्यानंतर आक्षेपाचे स्वरूप पालटले. मत खरे की खोटे हा प्रश्न मागे पडला. प्रसाराची साधने कोणती, पैसा कोठून येतो, गरिबाच्या अगतिकतेचा फायदा घेतला जातो का, असे विचारले जाऊ लागले. मध्य प्रदेशची राजधानी नागपूर असताना, एप्रिल १९५४ मध्ये, निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने ९९ प्रश्नांची प्रश्नावली काढली, १४ जिल्ह्यांत दौरे केले आणि १९५६ मध्ये मिशनरी कार्यावर कडक ठपका ठेवणारा अहवाल दिला. चर्चने समितीच्या पद्धतीवर आणि निष्कर्षांवर हरकत घेतली. त्याच वर्षी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि सौंसर-रामाकोन्याचा मराठी पट्टा मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ पासून तो पांढुर्णा जिल्ह्यात आहे.

१९६८ मध्ये मध्य प्रदेशाने बळजबरी, प्रलोभन आणि फसवणुकीने होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध कायदा केला. रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांनी त्याला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी १९७७ रोजी फेटाळले. राज्यघटनेच्या २५ व्या कलमातला प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असे न्यायालय म्हणाले. आपल्या धर्माची तत्त्वे विशद करून ती इतरांपर्यंत पोहोचवणे मात्र या हक्कात येते, हेही त्याच निकालात आहे. २०२१ मध्ये जुन्या कायद्याची जागा नव्या, अधिक कडक कायद्याने घेतली. मत खरे की खोटे या मूळ प्रश्नाकडे परत यायचे, तर गोरे यांचे ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हे ख्रिस्ती मताविरुद्धचे पुस्तक स. ल. कात्रे यांनी संपादित करून १९५१ मध्ये उज्जैनहून प्रसिद्ध केले आहे. ख्रिस्ती मताची बाजू अभ्यासू पाहणाऱ्या मराठी वाचकाने ते आधी वाचावे आणि ‘षड्दर्शनदर्पण’ नंतर.